कोटावरच्या दोन सोनेरी किल्ल्या

मोठ्या हॉटेलच्या लॉबीत शिरलं की आधी रिसेप्शनचं लांबलचक काउंटर लागतं. पासपोर्ट दाखवायचा, सही करायची, खोलीचं कार्ड घ्यायचं आणि लिफ्ट गाठायची, एवढंच आपलं तिथलं काम. त्या काउंटरपासून जरा बाजूला, दारातून येणारा-जाणारा दिसेल अशा जागी, एक लहानसं डेस्क असतं. त्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाकडे नीट पाहिलं तर कधीकधी दोन्ही लॅपेलवर एकेक पिन दिसते : फुली मारल्यासारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या. बहुतेकांना ते हॉटेलचं बोधचिन्ह वाटतं. हॉटेलचा त्याच्याशी काही संबंध नसतो. मालक कितीही बडा असला तरी ती पिन विकत आणून आपल्या माणसाच्या कोटावर लावायची सोय त्याला नाही. ती देते त्या माणसाच्या व्यवसायबंधूंची संघटना, आणि काढूनही घेते तीच.

हा माणूस म्हणजे कॉन्सिएर्ज. जेवायला कुठे जावं इथपासून ते विमान चुकलं, बॅग हरवली, उद्या सकाळी लग्नाला जायचंय आणि कोटाचं बटण तुटलंय, इथपर्यंत जे जे रिसेप्शनच्या कामात बसत नाही ते सगळं याच्या डेस्कवर येऊन पडतं. आणि त्याची संघटना म्हणजे ‘ले क्ले दॉर’, सोन्याच्या किल्ल्या. आज ऐंशीच्या आसपास देशांत तिचे सुमारे चार हजार सदस्य आहेत. प्रत्येक देशाची आपली राष्ट्रीय संघटना, आणि त्या सगळ्यांची मिळून एक आंतरराष्ट्रीय. घरातली थोरली अर्थातच फ्रेंच. सदस्यत्व माणसाला मिळतं, हॉटेलला नाही, ही त्यातली पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट.

कॉन्सिएर्ज हे पद हॉटेलांपेक्षा कितीतरी जुनं. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या राजाने पॅरिसमधल्या सेन नदीतल्या बेटावरचा आपला राजवाडा सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं, तेव्हा मागे राहिलेल्या वाड्याचा कारभार पाहायला जो अधिकारी नेमला तो कॉन्सिएर्ज. त्याच्या ताब्यात वाडा होता आणि वाड्यातला तुरुंगही. त्या इमारतीला आजही ‘कॉन्सिएर्जरी’ म्हणतात; राणी मारी आंत्वानेत हिला १७९३ च्या ऑक्टोबरात गिलोटिनकडे नेलं ते तिथूनच. पुढे हाच शब्द पॅरिसमधल्या चाळवजा इमारतींच्या दाराशी बसणाऱ्या, टपाल वाटणाऱ्या, जिन्यावर कोण चढलं-उतरलं याची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या बायाबापड्यांना लागला. राजवाड्याचा कारभारी आणि चाळीची राखणदारीण, या दोघांच्या मधोमध कुठेतरी हॉटेलातला कॉन्सिएर्ज बसतो.

तो घडला रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात मोठी हॉटेलं उभी राहिली; पॅरिसचं ‘ग्रां ओतेल’ १८६२ चं, सेझार रिट्झचं हॉटेल १८९८ चं. मधल्या काळात, १८८३ मध्ये, पॅरिसहून पूर्वेकडे ओरिएंट एक्सप्रेस धावू लागली. श्रीमंत कुटुंबं ट्रंका, मोलकरणी, कुत्री आणि आजारी आत्याबाई यांच्यासकट महिनोन्‌महिने प्रवास करू लागली. अशा लवाजम्याला स्टेशनवरून आणायचं, सामान मोजून उतरवायचं, पुढच्या गाडीची आरक्षणं करायची, तार पाठवायची, परकी नाणी बदलून द्यायची, आणि हे सगळं पाहुण्याच्या भाषेत करायचं, ही कामं दाराजवळच्या माणसाकडे आली. त्याच्या मागच्या भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्यांचा फळा असे. या किल्ल्या पितळी, चांगल्या वजनदार, मुद्दामच खिशात न मावणाऱ्या. बाहेर पडताना पाहुण्याने किल्ली डेस्कवर टाकायची आणि परतल्यावर मागून घ्यायची. म्हणजे फळ्याकडे एक नजर टाकली की कोण आत आहे, कोण बाहेर, कोण रात्री दोनला परतलं, हे कॉन्सिएर्जला कळत होतं. बाजूच्या कप्प्यांत पत्रं, चिठ्ठ्या, तारा. हॉटेलच्या मालकाला आपल्या पाहुण्यांबद्दल जेवढं माहीत नसे तेवढं या माणसाला असे. किल्ल्यांचं चिन्ह तिथून आलं.

आणि हे सगळं ज्ञान त्याच्या मालकीचं होतं, हॉटेलच्या नव्हे. त्याची मुख्य कमाई पाहुण्यांच्या बक्षिशीतून. युरोपातली बरीच हॉटेलं हंगामी : हिवाळ्यात रिव्हिएराचा समुद्र, उन्हाळ्यात आल्प्सचा डोंगर. पाहुणे हंगामाबरोबर फिरत, आणि नोकरमाणसंही त्यांच्या मागोमाग एका गावातून दुसऱ्या गावात. मग कुठल्या बाईंना दक्षिणेकडची खोली हवी, कुठल्या गृहस्थाच्या पत्नीला आणि ‘भाचीला’ एकाच वेळी लॉबीत येऊ द्यायचं नाही, नाटकगृहाच्या खिडकीवरच्या कोणत्या माणसाकडे दोन खुर्च्या नेहमी राखलेल्या असतात, हे सगळं कॉन्सिएर्जच्या खिशातल्या वहीत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत यजमानांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात आणि ती वही हीच त्यांची इस्टेट असते, यांचंही तसंच. नोकरी बदलली की वही बरोबर जायची. शेजारच्या हॉटेलातल्या माणसाला त्यातलं पान दाखवायची कल्पनाही कुणाला सुचली नसती.

ती सुचली १९२९ च्या ऑक्टोबरात. पॅरिसच्या अँबॅसेडर हॉटेलचे कॉन्सिएर्ज पिएर केंतां यांनी पुढाकार घेतला आणि शहरातल्या मोठ्या हॉटेलांचे मिळून अकरा कॉन्सिएर्ज एकत्र आले. हॉटेलं एकमेकांची हाडवैरी, आणि त्यांच्या दाराशी उभे राहणारे हे अकराजण मात्र आपापसात ठरवतात की आपण एकमेकांच्या पाहुण्यांची कामं करायची, ओळखी वाटून घ्यायच्या. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पॅरिसची आलिशान हॉटेलं ज्या अमेरिकन पैशावर चालत होती तो आटायला लागला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण ज्यांनी भरभराटीच्या शेवटच्या घटकेला संघटना काढली त्यांना तिची गरज पुढच्याच वर्षी पटली असणार, असं मला वाटतं. पाहुणे भरपूर असतात तेव्हा वही लपवून ठेवणं परवडतं. पाहुणे कमी झाले की आलेला एकही नाराज होऊन चालत नाही, आणि एकट्याच्या वहीत सगळ्यांची उत्तरं कधीच नसतात.

मग युद्ध आलं. पॅरिसच्या बड्या हॉटेलांत जर्मन लष्कराची कार्यालयं बसली. मेरीस हॉटेलात पॅरिसच्या जर्मन सेनापतीचं ठाणं, ल्युतेशियात लष्करी हेरखातं. युद्ध संपल्यावर त्याच ल्युतेशियात छळछावण्यांतून परतलेल्या लोकांची सोय केली गेली आणि हरवलेल्यांचे फोटो लॉबीतल्या फळ्यांवर लागले. हॉटेलांच्या इतिहासातलं हे प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे, त्यात इथे शिरत नाही.

संघटनेच्या दृष्टीने पुढचा टप्पा १९५२ चा. २५ एप्रिलला कान शहरात नऊ देशांचे प्रतिनिधी जमले आणि युरोपभरच्या मोठ्या हॉटेलांतल्या कॉन्सिएर्जांचा एक संघ झाला. त्यामागचं मुख्य नाव फेर्दिनां जिले. आंतरराष्ट्रीय संघटनेचे जनक म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात. संघाच्या नावात आधी ‘युरोपियन’ होतं, सत्तरीच्या दशकात बाहेरचे देश आल्यावर त्याचं ‘आंतरराष्ट्रीय’ झालं. ब्रीदवाक्य छोटंसं : मैत्रीतून सेवा. ऐकायला हे दिवाळी भेटकार्डावर छापल्यासारखं वाटतं, पण धंद्याच्या भाषेत वाचलं तर त्यात फार काटेकोर व्यवहार आहे. तो कसा चालतो ते जरा जवळून पाहू.

समजा, एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पाहुणा डेस्कवर येतो. बायकोचा वाढदिवस आहे, रात्री साडेआठला चौघांसाठी अमुक एका रेस्टॉरंटमध्ये टेबल हवं. ते रेस्टॉरंट महिनाभर आधी भरतं. पाहुण्याने स्वतः फोन केला होता, त्याला नाही म्हणून सांगितलंय. कॉन्सिएर्ज आधी फोन उचलत नाही. तो दोन-तीन प्रश्न विचारतो. बरोबर कोण आहे, लहान मुलं आहेत का? नेमकं तेच रेस्टॉरंट का, कुणी सुचवलं? तिथे दोन-अडीच तास बसायची तयारी आहे ना? काल काय खाल्लं? कधीकधी या उत्तरांतच कळतं की पाहुण्याला ते रेस्टॉरंट नकोच आहे. त्याला नदीकाठची एखादी जागा आणि केकवर एक मेणबत्ती एवढंच पुरणार आहे. तसं असेल तर प्रश्न तिथेच सुटला.

नसेल, तर तो फोन करतो, पण बुकिंगच्या नंबरवर नाही. तो त्या रेस्टॉरंटच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या व्यवस्थापकाला करतो, ज्याला तो नावाने ओळखतो. भरलेल्या रेस्टॉरंटमध्येही एखाददुसरं टेबल हातचं राखलेलं असतं. शिवाय दर रात्री कुणीतरी न कळवता येत नाही. ते टेबल कुणाला द्यायचं हा प्रश्न असतो. कॉन्सिएर्जने पाठवलेला पाहुणा का घ्यायचा? कारण तो येणार याची हमी आहे. वेळेवर येणार, नीट कपड्यांत येणार, मेनूकार्ड पाहून दचकणार नाही. हे सगळं त्या प्रश्नोत्तरांत आधीच चाळून झालेलं आहे. आणि एका पावसाळी मंगळवारी, रेस्टॉरंट अर्धं रिकामं असताना, याच कॉन्सिएर्जने तिथे आठ माणसं पाठवली होती. ती उधारी आज फिटते. पाहुण्याला वाटतं की या माणसाकडे काहीतरी जादू आहे. जादू कुठली, हा जमाखर्च आहे; फक्त तो कुठे लिहिलेला नसतो आणि पैशात मोजलेला नसतो.

आता हेच टेबल दुसऱ्या देशात हवं असेल तर? मुंबईतल्या हॉटेलात उतरलेला पाहुणा परवा टोकियोत असणार आहे आणि त्याला तिथे सुशीच्या एखाद्या दहा खुर्च्यांच्या दुकानात जेवायचं आहे. अशी काही दुकानं अनोळखी माणसाचं बुकिंग फोनवर घेतच नाहीत. ओळखीच्या कुणीतरी शब्द टाकावा लागतो. मुंबईच्या माणसाची तिथे काहीच पत नाही. पण टोकियोतल्या किल्ल्यावाल्याची आहे. मुंबईवाला त्याला कळवतो, तो तिथे शब्द टाकतो. उद्या त्याचा पाहुणा मुंबईत येईल तेव्हा उलटा फोन येईल. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसेल. कोटावरची पिन एवढीच ओळख. माझ्या मते संघटनेचं सगळं सार या एका फोनमध्ये आहे. पगारवाढ, कामाचे तास, संप, ही कामगार संघटनांची कामं. या मंडळींनी त्याऐवजी एकमेकांची पत सामायिक खात्यात टाकली.

ही पत एका माणसाच्या गाफीलपणाने बुडू शकते. टोकियोच्या दुकानात मुंबईने पाठवलेला पाहुणा आलाच नाही, तर नुकसान टोकियोवाल्याचं. म्हणून पिन देण्याआधी चाळणी बारीक लावतात. देशागणिक नियम थोडे वेगळे आहेत, पण साधारणपणे हॉटेलात पाचेक वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली काही वर्षं प्रत्यक्ष लॉबीतल्या डेस्कवर काढलेली असावी लागतात. फोनवरून सल्ला देणारा, कार्यालयात बसून देखरेख करणारा, यांचा विचार होत नाही. पाहुणा समोर उभा राहून बोलतो ती जागा हवी. आधीच्या दोन सदस्यांची शिफारस लागते. मग परीक्षा आणि मुलाखत. काही देशांत तर उमेदवाराला न सांगता, पाहुणा असल्याचं भासवून फोन करतात आणि अडचणीची मागणी पुढे टाकून तो काय बोलतो ते ऐकतात. डेस्क सोडून माणूस दुसऱ्या खात्यात वर गेला की पिन ठेवता येत नाही. बढती मिळाली आणि किल्ल्या गेल्या, असा हा उलटा न्याय.

कॉन्सिएर्जला नक्की काय माहीत असायला हवं, असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतील, चांगल्या जागा. त्याहून जास्त उपयोग बंद असण्याच्या वारांचा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी. ज्याच्या हाताशी दोनच दिवस आहेत त्या पाहुण्याचा सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर उलटा करावा लागतो. मुंबईत घारापुरीची लेणी सोमवारी बंद. गेटवेवरून लाँच पकडून जायचं तर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की फेऱ्या थांबतात. गणपतीत अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडचे रस्ते बंद होतात, आणि त्या रात्रीचं विमान असलेल्या पाहुण्याला दुपारीच हॉटेलातून काढावं लागतं. शिवाय ‘मला विसर्जन जवळून पाहायचंय’ म्हणणाऱ्याला कुठे उभं करायचं हेही ठरवायचं असतं. यातलं थोडंफार आता फोनवर सापडतं. पण ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याला फोन उत्तर देत नाही. सोमवारी घारापुरीला निघालेला पाहुणा घारापुरीला कसं जायचं एवढंच विचारतो. आज सोमवार आहे हे डेस्कवरच्या माणसाला आपणहून सांगावं लागतं.

अटलांटिकपलीकडे ही परंपरा पोचायला फार वेळ लागला. अमेरिकन हॉटेलांत रिसेप्शन होतं, सामान उचलणाऱ्यांचा बेल कॅप्टन होता, कॉन्सिएर्ज नव्हता. टॉम वूल्फ नावाचे गृहस्थ १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात डेस्कवर बसले आणि देशातले पहिले हॉटेल कॉन्सिएर्ज म्हणून ओळखले गेले. (याच नावाच्या कादंबरीकाराशी त्यांचा संबंध नाही, हा घोळ इंग्रजी वाचणाऱ्यांचा नेहमी होतो.) १९७८ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय संघटना झाली. युरोपातली ही बिरादरी तोवर जवळजवळ पूर्णपणे पुरुषांची. पोरगा बारा-चौदाव्या वर्षी टोपीवाला पोऱ्या म्हणून लागायचा, सामान वाहायचा, निरोप पोचवायचा आणि तिशी-चाळिशीत डेस्कवर यायचा. अमेरिकेत ही शिडीच नव्हती, त्यामुळे शिडीबरोबर येणारी बंदीही नव्हती. बायका थेट डेस्कवर आल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्याच होली स्टील या त्यांतल्या पहिल्या फळीतल्या. पुढे त्यांनी या कामावर पुस्तकं लिहिली, शिकवलं. घरंदाज युरोपियन संघटनेला बायकांची सवय लावण्यात अमेरिकेचा वाटा मोठा आहे. नव्वदीच्या दशकात चीनमध्ये हे लोण ग्वांगझूच्या व्हाइट स्वान हॉटेलातून पसरलं. तिथे त्याला जो सरकारी शिस्तीचा आकार आला त्याने पॅरिसचे जुने लोक चक्रावले असतील.

दरवर्षी वेगळ्या देशात आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरतं. आयुष्यभर दुसऱ्यांची सरबराई करणारे शेकडो लोक तिथे पाहुणे म्हणून येतात, तेव्हा यजमान देशाच्या संघटनेची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. सगळ्यांना सगळं कळतं. गाडी चार मिनिटं उशिरा आली तर ती का आली हेही कळतं. यजमानांनी आपलं शहर दाखवायचं ते पर्यटकाला दाखवतात तसं नाही, तर व्यवसायातल्या माणसाला दाखवतात तसं : हे हॉटेल आतून, हा स्वयंपाकघराचा दरवाजा, हा माणूस लक्षात ठेव, पुढच्या वर्षी तुझा पाहुणा आला तर याला फोन कर. गप्पा, जेवणं, थोडं नाचणं. बाहेरून पाहणाऱ्याला ही चैन वाटेल. पण टोकियोचा तो फोन ज्या भरवशावर जातो तो भरवसा इथल्या जेवणाच्या टेबलांवर तयार होतो. तरुण कॉन्सिएर्जांसाठी अँडी पोंग्को यांच्या नावाचा पुरस्कारही दिला जातो, आणि तो मिळवणाऱ्याच्या वहीत एका रात्रीत जगभरचे नंबर येतात.

सगळंच गोमटं आहे असं नाही. पाहुण्याला एखाद्या दुकानात पाठवलं की दुकानदाराकडून टक्केवारी घ्यायची, ही पद्धत या धंद्यात जुनी आहे. काही हॉटेलांनी ती सक्त बंद केली, काहींनी कानाडोळा केला. ‘या गल्लीतलं चामड्याचं दुकान उत्तम’ असं सांगणारा माणूस ते दुकान उत्तम आहे म्हणून सांगतो की पाकीट येतं म्हणून, हे पाहुण्याला कळायला मार्ग नाही. वर म्हटलेला जमाखर्च आणि टक्केवारी यांच्यात एक बारीक रेघ आहे : रेस्टॉरंटने टेबल दिलं तर फायदा पाहुण्याचा होतो, दुकानाने पाकीट दिलं तर कॉन्सिएर्जचा. रेघ स्पष्ट आहे, ती रोज पाळणं अवघड. दुसरा मुद्दा गुपितांचा. कायद्यात बसेल ते सगळं करू, असं ही मंडळी अभिमानाने सांगतात. पण कायद्यात बसणाऱ्या आणि तरीही करू नयेत अशा मागण्या श्रीमंत माणसं भरपूर करतात, आणि त्यांना हसतमुखाने नाही म्हणण्याची कला कुठल्या परीक्षेत तपासता येत नाही.

ज्यांनी वेस अँडरसन यांचा २०१४ चा ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ पाहिला असेल त्यांना एव्हाना त्यातलं एक दृश्य आठवलं असेल. संकटात सापडलेला कॉन्सिएर्ज एका सहकाऱ्याला फोन लावतो; तो हातातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून पुढच्याला फोन लावतो; तो त्याच्या पुढच्याला. प्रत्येक हॉटेल वेगळं, प्रत्येक लॉबीत काहीतरी गडबड चालू, आणि साखळी तुटत नाही. चित्रपटात त्या मंडळाचं नाव फुलीच्या किल्ल्यांवरूनच ठेवलं आहे. देश काल्पनिक, हॉटेल काल्पनिक (लॉबीचं चित्रीकरण जर्मनीतल्या गोर्लित्झ गावच्या एका बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये झालं), पण फोनांची साखळी अतिशयोक्त असली तरी खोटी नाही.

किल्ल्या मात्र खऱ्या हॉटेलांतून गेल्या. सत्तरीच्या दशकात नॉर्वेच्या टोर सॉर्नेस यांनी प्रत्येक पाहुण्यागणिक सांकेतिक खूण बदलता येईल असं कार्डाचं कुलूप शोधलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो पितळी फळा बहुतेक ठिकाणी भिंतीवरून उतरला. कोण बाहेर, कोण आत, हे आता संगणकाला माहीत. त्यानंतर इंटरनेट आलं आणि टेबलांची आरक्षणं पाहुण्याच्या हातात गेली. श्रीमंतांना घरबसल्या हीच सेवा वर्षाच्या वर्गणीवर विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. लंडनची ‘क्विंटेसेन्शियली’ २००० सालची. २०१६ मध्ये हिल्टनने अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका हॉटेलात ‘कॉनी’ नावाचा जेमतेम दोन फुटी यंत्रमानव काउंटरवर उभा केला. आत आयबीएमची वॉटसन प्रणाली. जवळपास काय पाहावं हे तो सांगायचा. पुढच्या वर्षी लास व्हेगासच्या कॉस्मोपॉलिटन हॉटेलने ‘रोझ’ नावाची, फोनवर चटपटीत संदेश पाठवणारी यंत्रसखी आणली. टॉवेल मागवायला, वेळा विचारायला ती छानच होती.

खर्च वाचवणाऱ्या व्यवस्थापकांना यात सोय दिसली आणि मधल्या दर्जाच्या अनेक हॉटेलांतून कॉन्सिएर्जचं डेस्क उठलं. हे अन्याय्य झालं असंही मला म्हणवत नाही. तिथल्या पाहुण्याला नकाशा आणि टॅक्सी एवढंच लागत होतं आणि ते फोन देतो. वरच्या थरातल्या हॉटेलांत डेस्क टिकलं. तिथे माहिती कधीच विकली जात नव्हती, शब्द टाकणं विकलं जात होतं. यंत्र टेबल रिकामं आहे का ते पाहू शकतं. टेबल रिकामं नसताना व्यवस्थापकाला ‘मागच्या मंगळवारचं लक्षात आहे ना’ असं म्हणायला मंगळवारी कुणीतरी माणसं पाठवलेली असावी लागतात.

भारतातही राष्ट्रीय संघटना आहे, आणि मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत या पिना दिसतात. आपल्याकडचा मराठी प्रवासी मात्र त्या डेस्ककडे फिरकत नाही. एकतर आपण टूर कंपनीबरोबर जातो आणि टूर मॅनेजर हाच आपला कॉन्सिएर्ज असतो. दुसरं म्हणजे फुकट काही विचारलं तर पैसे द्यावे लागतील अशी धाकधूक. विचारायचे पैसे नसतात, ते खोलीच्या भाड्यात आलेले असतात. स्वतः ठरवून जाणार असाल तर पोचण्याच्या आठ-दहा दिवस आधी हॉटेलच्या कॉन्सिएर्जला ई-मेल करावी आणि तीत मोघम लिहू नये. ‘काय पाहण्यासारखं आहे’ याला उत्तर म्हणून छापील पत्रकच येईल. ‘आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पायऱ्या चढवत नाहीत, कांदा-लसूण खात नाही, आणि तिला चित्रं बघायची आहेत’ असं लिहिलं तर पलीकडचा माणूस जागा होतो, कारण आता त्याला काम मिळालं.

बक्षीस काय द्यायचं याचे रिवाज देशागणिक वेगळे. अमेरिकेत अवघड काम करून दिलं तर पाच-दहा डॉलर देतात, मोठ्या खटपटीला जास्त. फ्रान्समध्ये सक्ती नाही, दिलं तर आनंदाने घेतात. जपानमध्ये नोट पुढे केली तर समोरचा अवघडतो आणि दोन्ही हातांनी परत करतो. तिन्ही देशांत चालणारी एक गोष्ट आहे : घरी पोचल्यावर हॉटेलच्या जनरल मॅनेजरला चार ओळी लिहाव्यात आणि त्यात त्या माणसाचं नाव, शुद्धलेखनासकट, घालावं. नाव त्याच्या कोटावरच असतं, किल्ल्यांच्या जरा खाली.